कागदावर स्वतंत्र, हिशेबात कुटुंबाचा

सदर : विद्या आणि व्यवहार



आपल्या व्यापारी कुटुंबांत अपत्य ‘स्वतंत्र’ केव्हा झाले, हे सहसा कोणी लिहून ठेवत नाही. पेढीवर बसणारा मुलगा तिशीला आला तरी घरखर्च एकाच तिजोरीतून चालतो. मुलीचे शिक्षण, पुतण्याची फी, आजीचे औषध हे सारे एकाच खतावणीत येते. ही आपली रीत आहे आणि तिने अनेक पिढ्या तारल्या आहेत. अमेरिकेत मात्र वैद्यकीय शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना हाच प्रश्न एका अर्जात स्पष्ट शब्दांत विचारला जातो : तू पालकांवर अवलंबून आहेस की स्वतंत्र आहेस? त्या उत्तरावर काही लाख डॉलरचा हिशेब ठरतो. पंचाईत अशी की तेथे या एका प्रश्नाला सरकार एक उत्तर देते, महाविद्यालय दुसरे आणि करखाते तिसरे.

आपल्यातील अनेक कुटुंबांची एक शाखा आज अमेरिकेत आहे. तेथे वाढलेली पुढची पिढी मोठ्या उमेदीने वैद्यकीय शिक्षणाकडे वळते. निर्णयाच्या वेळी सल्ला मागणारा दूरध्वनी मात्र पुणे, नाशिक, सांगली किंवा मुंबईच्या घरी येतो आणि पुष्कळदा पैशाचा काही भागही येथूनच उभा राहतो. म्हणून हा विषय येथील वडीलधाऱ्यांनीही नीट समजून घ्यावा, असे वाटते.

सरकारच्या लेखी स्वतंत्र

अमेरिकेत केंद्र सरकारच्या विद्यार्थी साहाय्यासाठी जो अर्ज भरावा लागतो, त्याला तेथे ‘फाफ्सा’ म्हणतात. पदवीपूर्व शिक्षणात या अर्जाचा नियम कडक आहे. अठरा-वीस वर्षांचा मुलगा वेगळी खोली घेऊन राहतो, स्वतः नोकरी करतो, पालक त्याला एक डॉलर देत नाहीत, तरीही तो नियमाने पालकांवर अवलंबितच मानला जातो. वयाची २४ वर्षे, विवाह, सैन्यातील सेवा, पोटची मुले किंवा आईबापांचे छत्र हरपणे अशी ठरावीक कारणे असतील, तरच त्याला स्वतंत्र मानतात.

मात्र तोच विद्यार्थी पदवी घेऊन वैद्यकीय महाविद्यालयात पाऊल ठेवतो, तेव्हा चित्र एकदम बदलते. पदव्युत्तर किंवा व्यावसायिक पदवीचा विद्यार्थी असणे, एवढ्या एकाच कारणाने सरकार त्याला स्वतंत्र ठरवते. वय बावीस असो वा बत्तीस, तो आईवडिलांच्या घरी राहत असो वा नसो, फाफ्सामध्ये त्याच्या पालकांचे उत्पन्न विचारले जात नाही. स्वतःचे उत्पन्न आणि विवाह झाला असल्यास जोडीदाराचे उत्पन्न, एवढेच पाहिले जाते.

आपल्याकडील अनुभव याच्या उलट असल्याने येथील मंडळी या ठिकाणी गोंधळतात. महाराष्ट्रात शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला लागतो आणि शैक्षणिक कर्जात बँक बहुधा आईवडिलांना सहकर्जदार करून घेते. विद्यार्थी एकटा असा कोठे उभाच राहत नाही. त्यामुळे अमेरिकेतून ‘आमच्या मुलीला सरकारने स्वतंत्र ठरवले’ असे कळले की येथे समजूत होते, आता तिचा भार सरकारने उचलला.

तसे नाही. या स्वातंत्र्याने तिला कोणते साहाय्य मिळते, ते पाहावे. परत न करावे लागणारे ‘पेल’ अनुदान केवळ पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी आहे. शिक्षण चालू असताना सरकारने व्याज सोसावे, असे कर्ज पदव्युत्तर विद्यार्थ्यांना १ जुलै २०१२ पासून मिळत नाही. उरते ते एकच : पहिल्या दिवसापासून व्याज चढत जाणारे कर्ज. म्हणजे सरकारने मान्य केलेले स्वातंत्र्य हे मुख्यतः स्वतःच्या नावावर ऋण काढण्याचे स्वातंत्र्य आहे.

व्याजाचा हिशेब

व्याज कसे चालते, हे आपल्या वाचकांना शिकवण्याची गरज नाही. तरी एक उदाहरण मांडतो. २०२५-२६ या वर्षासाठी या सरकारी कर्जाचा दर ७.९४ टक्के होता. सोयीसाठी ८ टक्के धरू आणि चारही वर्षे तोच राहिला असे मानू. विद्यार्थ्याने दरवर्षी ५०,००० डॉलर घेतले, तर चार वर्षांत मुद्दल २,००,००० होते. पहिल्या वर्षाच्या रकमेवर चार वर्षांचे सरळव्याज १६,०००, दुसऱ्या वर्षाच्या रकमेवर १२,०००, तिसऱ्याच्या ८,००० आणि चौथ्याच्या ४,०००. बेरीज ४०,००० डॉलर. पदवी हाती पडते, त्या दिवशी तरुण डॉक्टर २,४०,००० डॉलरचा देणेकरी असतो.

त्यानंतर लगेच मोठी मिळकत सुरू होते, असेही नाही. रुग्णालयातील निवासी प्रशिक्षण शाखेनुसार तीन ते सात वर्षे चालते आणि त्या काळात मिळणारे वेतन बेताचेच असते. परतफेडीचा हप्ता उत्पन्नाच्या प्रमाणात बांधून घेण्याची सोय सरकारी कर्जात आहे. शिवाय सार्वजनिक किंवा ना-नफा रुग्णालयात पूर्णवेळ सेवा करून १२० पात्र हप्ते भरल्यास उरलेले कर्ज माफ होण्याची योजनाही आहे. या दोन्ही सोयी सरकारी कर्जापुरत्या आहेत, खासगी कर्जाला त्या लागू नाहीत. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचे महत्त्व कळेल.

महाविद्यालयाची निराळी वही

कर्ज सरकार देते. परत न करावे लागणारे अनुदान किंवा शिष्यवृत्ती मात्र बहुतांशी महाविद्यालय स्वतःच्या निधीतून देते. हा निधी देणगीदारांचा असतो आणि तो गरजूंना पोहोचावा, अशी अपेक्षा असते. म्हणून गरज ठरवताना अनेक महाविद्यालये सरकारची व्याख्या बाजूला ठेवतात आणि आईवडिलांचे उत्पन्न व मालमत्ता विचारतात. त्यासाठी काही ठिकाणी ‘सीएसएस प्रोफाइल’ नावाचा सविस्तर अर्ज असतो, काही ठिकाणी महाविद्यालयाचा स्वतःचा. विद्यार्थी सव्वीस वर्षांचा आहे, विवाहित आहे, चार वर्षे नोकरी करून आला आहे, तरीही पुष्कळ ठिकाणी पालकांचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. वय किंवा स्वावलंबनाची वर्षे पाहून सूट देणारी महाविद्यालये आहेत. परंतु प्रत्येकाचा नियम वेगळा असल्याने तो प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावा. केंद्राच्या आरोग्य विभागाच्या निधीतून महाविद्यालयामार्फत मिळणाऱ्या, ५ टक्के व्याजाच्या काही कर्जांसाठीही पालकांची माहिती मागितली जाते.

याचे ठळक उदाहरण जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे आहे. मायकेल ब्लूमबर्ग यांच्या संस्थेने २०२४ मध्ये या विद्यापीठाला १०० कोटी डॉलरची देणगी दिली. त्यातून ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३,००,००० डॉलरपेक्षा कमी आहे, अशा वैद्यकीय विद्यार्थ्यांची शिक्षण फी माफ झाली. उत्पन्न १,७५,००० डॉलरपर्यंत असल्यास राहण्याजेवणाचा खर्चही मिळू लागला. येथे ‘कुटुंब’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सरकारी कर्जासाठी जो विद्यार्थी स्वतंत्र, तोच या देणगीसाठी कुटुंबाचा घटक असतो.

उलट काही संस्थांनी हा प्रश्नच मिटवून टाकला. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने २०१८ मध्ये सर्व विद्यार्थ्यांची शिक्षण फी माफ केली. डॉ. रूथ गॉट्समन यांनी २०२४ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयाला १०० कोटी डॉलर दिल्यानंतर तेथेही सर्वांची फी माफ झाली. तेथे फीसाठी ऐपत पाहिली जात नाही. मात्र अशी महाविद्यालये बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि तेथील प्रवेश अत्यंत दुर्मिळ आहे.

महाविद्यालयाच्या मोजमापातील सर्वांत कठोर भाग असा की तेथे पालकांची ऐपत मोजली जाते, इच्छा मोजली जात नाही. वडिलांनी ‘मी देणार नाही’ असे लिहून दिले, तरी त्यांनी द्यावयाचा अपेक्षित वाटा शून्य होत नाही. आणि वडिलांनी कागदपत्रेच दिली नाहीत, तर मुलाचा अनुदानासाठी विचार होत नाही. त्याच्या वाट्याला फक्त कर्ज येते. वडिलांच्या मौनाची किंमत मुलगा व्याजासह फेडतो.

व्यापारी घराची अडचण

पगारदार माणसाला हा अर्ज भरणे सोपे जाते. वर्षाचा पगार, बँकेतील शिल्लक आणि घर लिहिले की झाले. व्यापाऱ्याची स्थिती निराळी असते. दुकानात माल आहे, पण तो विकल्याशिवाय पैसा नाही. येणे आहे, पण वसुली झालेली नाही. वर्षाला नफा दिसतो, पण तो पुढच्या खरेदीत गुंतलेला असतो. दोन भावांची भागीदारी आहे आणि एका भावाच्या मुलीसाठी ताळेबंद उघडला की दुसऱ्याचाही उघडा पडतो. म्हणूनच ‘मुलगी स्वतंत्र आहे ना, मग आमच्या धंद्याचे कागद कशाला?’ हा प्रश्न आपल्याकडे इतक्या त्राग्याने विचारला जातो.

पालकांचा धंदा कोणत्या अर्जात किती मोजला जातो, हेही समजून घ्यावे, कारण धाकटी भावंडे पदवीपूर्व शिक्षणात असतील तर त्यांच्या फाफ्सामध्ये पालकांची मालमत्ता येते. १०० किंवा त्याहून कमी कर्मचारी असलेला कौटुंबिक व्यवसाय पूर्वी फाफ्साच्या मोजणीतून वगळलेला होता. २०२४-२५ पासून ती सवलत गेली आणि २०२५ च्या कायद्याने ती २०२६-२७ या वर्षापासून पुन्हा आली. परंतु ही सवलत सरकारी अर्जापुरती आहे. महाविद्यालयाचा अर्ज धंद्याचे मूल्य विचारू शकतो, राहत्या घराची किंमत आणि त्यावरील कर्जही विचारू शकतो.

आणखी एक नाजूक मुद्दा भारतातील मालमत्तेचा. मूळ गावचे दुकान, वडिलोपार्जित शेतजमिनीतील अविभक्त हिस्सा, येथील बँकेतील मुदतठेव, या गोष्टी अमेरिकेतील अर्जात लिहायच्या का? सविस्तर अर्जात परदेशातील मालमत्ता विचारलेली असते, तेव्हा लिहावीच लागते. अमेरिकेतील करदात्याची परदेशी खात्यांतील एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली, तर ती तेथील अर्थखात्याला कळवण्याचे बंधन वेगळे आहेच. एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, अशी विसंगती आज ना उद्या उघडी पडते.

येथे धर्माचा विषय आपोआप येतो. सत्याणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्रकारांनी ‘कूटलेखक्रिया’ गणली आहे. कूटलेख म्हणजे खोटा कागद. मालमत्ता अर्जापुरती काकांच्या नावावर करणे, वडिलांशी संबंध तुटल्याचे खोटे पत्र जोडणे, धंद्याचे मूल्य मनाला येईल तसे खाली आणणे, हे सारे कूटलेखच आहेत. देणगीदाराने गरीब विद्यार्थ्यासाठी ठेवलेली रक्कम त्यातून आपल्याकडे आली, तर दोष सत्याच्या व्रतापुरता न राहता अचौर्याच्या व्रतालाही लागतो. व्यवहाराच्या बाजूनेही हे परवडणारे नाही. सरकारी अर्जात हेतुपुरस्सर खोटी माहिती दिल्यास २०,००० डॉलरपर्यंत दंड, तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि डॉक्टर होऊ पाहणाऱ्याचे सचोटीचे नाव एकदा डागाळले, तर ते कोणत्याही फीमाफीने धुतले जात नाही.

सत्य लिहिण्याचा अर्थ स्वतःचे नुकसान करून घेणे असा मात्र नाही. अविभक्त हिस्सा विकता येत नाही, येणे बुडीत आहे, आजारपणाचा मोठा खर्च आहे, दोन अपत्ये एकाच वेळी शिकत आहेत, अशा गोष्टी समजावून सांगणारे पत्र अर्जासोबत देता येते आणि साहाय्य अधिकारी ते वाचतात. आकडे खरे आणि त्यांचा खुलासा स्पष्ट असेल, तर फेरविचाराची विनंतीही सन्मानाने करता येते.

करखात्याची तिसरी वही

या दोन वह्यांशिवाय करखात्याची एक तिसरी वही आहे. पूर्णवेळ शिकणाऱ्या अपत्याला साधारणतः वयाच्या २४ व्या वर्षाच्या आत, काही अटींवर, पालक आपल्या विवरणपत्रात अवलंबित दाखवू शकतात. म्हणजे बावीस वर्षांची वैद्यकीय विद्यार्थिनी फाफ्सामध्ये स्वतंत्र आणि वडिलांच्या करविवरणात अवलंबित असू शकते. यात कोणतीही लबाडी नाही. दोन कायद्यांच्या दोन व्याख्या आहेत. आरोग्य विम्यासाठी तिसरी मर्यादा आहे : पालकांच्या विम्यात अपत्याला वयाच्या २६ वर्षांपर्यंत राहता येते. तेव्हा ‘कर भरताना दाखवले, मग फाफ्सात स्वतंत्र कसे लिहू?’ अशी धास्ती बाळगू नये. प्रत्येक कागदावर त्या कागदाच्या व्याख्येप्रमाणे लिहावे.

नवा नियम आणि जामीनकी

आजवर सरकारी कर्जाची एक मोठी वाट अशी होती की महाविद्यालयाने ठरवलेल्या एकूण खर्चापर्यंत विद्यार्थी स्वतःच्या नावावर ‘ग्रॅड प्लस’ कर्ज घेऊ शकत असे. २०२५ च्या कायद्याने ही वाट १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केली. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी सरकारी कर्जाची मर्यादा आता वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर आहे. पदवीपूर्व कर्ज धरून आयुष्यभराची मर्यादा २,५७,५०० डॉलर. त्यापूर्वीच शिक्षण सुरू करून त्यासाठी सरकारी कर्ज घेतलेल्यांना मर्यादित काळापर्यंत जुने नियम लागू राहतात.

खासगी वैद्यकीय महाविद्यालयातील चार वर्षांचा एकूण खर्च आज ४,००,००० डॉलरच्या आसपास जातो. सरकारी मर्यादा वजा केली, तर जवळपास तेवढीच रक्कम उरते. ती कोठून येणार? पालकांना सरकारकडून मिळणारे ‘पेरेंट प्लस’ कर्ज केवळ अवलंबित पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या पालकांसाठी आहे. येथे विद्यार्थी स्वतंत्र ठरल्याने ते दार बंदच असते. राहतात ती खासगी कर्जे, आणि उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याला खासगी संस्था बहुधा जामीनदाराशिवाय कर्ज देत नाही. जामीनदार म्हणून सही करणारे हात अर्थातच आईवडिलांचे असतात.

जामीनकी म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांना पक्के ठाऊक होते. दुसऱ्यासाठी केलेली सही ही स्वतःचीच देणेदारी समजून ते करीत. अमेरिकेतही तसेच आहे. मुलाचा हप्ता चुकला की वडिलांची पत खाली येते, आणि त्याच पतीवर त्यांच्या दुकानाचे खेळते भांडवल उभे असते. सरकारने ज्याला स्वतंत्र ठरवले, त्याचे भवितव्य अशा रीतीने पुन्हा कुटुंबाच्या तिजोरीशी बांधले जाते. म्हणून हा निर्णय प्रवेशाच्या आनंदात, पेढे वाटता वाटता, एका बैठकीत घेऊ नये.

येथे एक आगळी व्यथाही सांगितली पाहिजे. आईवडील कामाच्या व्हिसावर अमेरिकेत आहेत आणि ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे थांबले आहेत, अशा घरांतील मुले तेथेच वाढलेली असतात. परंतु वयाच्या २१ व्या वर्षी पालकांच्या व्हिसावरील त्यांचा आधार संपतो. पुढे विद्यार्थी व्हिसावर राहिल्यास त्यांना केंद्र सरकारचे कर्ज मिळत नाही. त्यांच्या बाबतीत अवलंबित की स्वतंत्र हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तो विचारणारा अर्जच त्यांच्यासाठी नसतो. परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी वैद्यकीय महाविद्यालये मोजकी आहेत आणि त्यांपैकी काही फीची मोठी रक्कम आधीच बँकेत बांधून ठेवण्याची अट घालतात. अशा कुटुंबांनी अपत्य सोळा-सतरा वर्षांचे असतानाच हे वास्तव त्याच्याशी मोकळेपणाने बोलावे.

घरात काय ठरवावे

प्रवेशअर्ज भरण्याच्या वर्षभर आधी आईवडील आणि विद्यार्थी यांनी एकत्र बसावे आणि तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. पहिली, कुटुंब दरवर्षी किती रक्कम देऊ शकते आणि देऊ इच्छिते. दुसरी, ती देणगी आहे की उसनवारी. तिसरी, जामीन राहायचे का, आणि राहायचे तर किती रकमेपर्यंत.

देणगी द्यायची असेल, तर अमेरिकेच्या करकायद्यातील एक सोय जाणून घ्यावी. आजोबा, मामा किंवा पालक यांनी शिक्षण फी थेट महाविद्यालयाकडे भरली, तर ती देणगीकराच्या मोजणीत येत नाही. अपत्याच्या हाती दिलेल्या रकमेला मात्र वार्षिक मर्यादा आहे. २०२५ साठी ती एका व्यक्तीकडून एका व्यक्तीला १९,००० डॉलर होती. भारतात राहणारे वडीलधारे रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात प्रत्येकी २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवू शकतात. मात्र नातेवाइकांकडून आलेली मदत महाविद्यालय गरजेतून वजा करू शकते, म्हणून ती पाठवण्यापूर्वी साहाय्य कार्यालयाला विचारावे.

उसनवारी असेल, तर ती लेखी असावी. मुदत आणि व्याज लिहावे. व्याजदर तेथील करखाते दरमहा जाहीर करते त्या किमान दरापेक्षा कमी असू नये, म्हणजे पुढे कराचा प्रश्न येत नाही. बापलेकांत कसला कागद, असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. परंतु तीन भावंडांपैकी एकाच्या शिक्षणाला दोन लाख डॉलर गेले आणि त्याची नोंद कोठेच नसली, तर वीस वर्षांनी वाटणीच्या वेळी तीच रक्कम तीन वेगळ्या आकड्यांनी आठवली जाते.

विवाहाविषयीही एक गैरसमज दूर व्हावा. मुलीचे लग्न झाले की ती वडिलांच्या हिशेबातून सुटली, अशी समजूत आहे. फाफ्सामध्ये तिच्या पतीचे उत्पन्न येते. महाविद्यालयाच्या अर्जात पतीचे तर येतेच, शिवाय अनेक ठिकाणी आईवडिलांचेही येते. तेव्हा ‘आता तिचे ती आणि तिचे सासर पाहील’ असे म्हणून माहेरने कागदपत्रे नाकारली, तर मुलीचे अनुदान जाते. मुलाच्या अर्जासाठी जो ताळेबंद उघडला, तो मुलीच्या अर्जासाठीही तितक्याच तत्परतेने उघडावा. दोन्ही ठिकाणी शिकणारे अपत्य आपलेच असते.

आणि ज्यांना पालकांचे कागद मिळणे खरोखर अशक्य आहे, त्यांच्यासाठीही वाट आहे. ‘नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर’ची शिष्यवृत्ती फी आणि निर्वाहवेतन देते. त्याच्या बदल्यात डॉक्टरने वैद्यकीय सेवेची टंचाई असलेल्या भागात, शिष्यवृत्तीच्या प्रत्येक वर्षासाठी एक वर्ष आणि किमान दोन वर्षे, प्राथमिक आरोग्यसेवा द्यावी लागते. येथे विद्यार्थी आपल्या सेवेच्या वचनावर उभा राहतो. औषधदान आणि ज्ञानदान या दोन्हींना आपल्या परंपरेने जे स्थान दिले आहे, ते पाहता ही वाट आपल्या मुलामुलींना परकी वाटू नये.

समाजाच्या विश्वस्तांसाठी

शेवटी दोन शब्द आपल्या संस्थांविषयी. १८९९ मध्ये स्थापन झालेली दक्षिण भारत जैन सभा, १९१५ पासून मुंबईत कार्य करणारे महावीर जैन विद्यालय आणि गावोगावचे लहानमोठे ट्रस्ट विद्यार्थ्यांना साहाय्य करीत आले आहेत. तेथेही विश्वस्तांसमोर हाच प्रश्न येतो : अर्जदाराची गरज पाहायची की त्याच्या घराची ऐपत? घर संपन्न आहे, पण वडील मुलीच्या शिक्षणाला पैसे देत नाहीत, अशी मुलगी गरजू की नाही? ऐपत एवढेच मोजमाप धरले, तर ती मुलगी बाहेर राहते. अर्जदाराचा शब्द एवढाच पुरावा धरला, तर निधीचा गैरवापर होतो.

अशा प्रसंगी अनुदानाऐवजी मुलीच्या स्वतःच्या नावावर, बिनव्याजी आणि कमावती झाल्यावर फेडायचे कर्ज देणे, हा मध्यममार्ग विश्वस्तांनी विचारात घ्यावा. त्यात वडिलांची संपत्ती तिच्या आड येत नाही आणि निधीही फिरून पुढच्या विद्यार्थ्याकडे जातो. अट एकच असावी : तिने आपली घरची स्थिती खरी खरी सांगावी आणि विश्वस्तांनी ती आपल्यापाशीच ठेवावी. ताळेबंद परक्यापुढे उघडण्याचा संकोच आपल्या समाजात खोल रुजलेला आहे. ज्यांच्या हाती दुसऱ्याच्या घरचे आकडे येतात, त्यांनी गुप्तता पाळली, तरच तो संकोच कमी होईल आणि अर्जात खरे लिहिण्याचे धैर्य पुढच्या पिढीला येईल.

जय जिनेंद्र!